भूशास्त्र की भूभौतिकी? (दगड हातात घ्यायचा, की न बघता ओळखायचा?)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय फिजिक्स, मॅथ्स आणि जिऑलॉजी. आता मुख्य विषय एकच ठेवायचा आहे आणि तिथेच घोडं अडलंय. जिऑलॉजी ठेवलं तर एम.एस्सी. जिऑलॉजीचा रस्ता सरळ. फिजिक्स ठेवलं तर जिओफिजिक्सला, म्हणजे भूभौतिकीला जाता येईल असं सर म्हणतात, पण मग दगड सुटतात.

मला दोन्ही आवडतं, हीच अडचण. मायक्रोस्कोपखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसायला लागल्या की उठवत नाही. दुसरीकडे गाव पाटण तालुक्यात, त्यामुळे भूकंप हा घरातला रोजचा विषय. आजोबा अजून ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाबद्दल बोलतात. कोयना धरणातलं पाणी आणि जमिनीखालची भेग यांचा संबंध लावायचा तर गणित लागणार, एवढं कळतं.

घरच्यांचे प्रश्न तीनच. नोकरी लागेल का, कुठे लागेल, आणि "शिकून झाल्यावर आपल्या रानात पाणी दाखवशील का?"

जे या क्षेत्रात आहेत किंवा होते त्यांनी खरं काय ते सांगा. गोड बोलू नका.

खडीसाखर

तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर पहिले दोन प्रश्न आपोआप सुटले. मराठवाड्यात देव्हाऱ्यात बसवतील.

स्तरभंग

डोळे मिटून जिऑलॉजी घे. जिओफिजिक्सवाले शेवटी आलेख घेऊन आमच्याकडेच येतात, "हा उंचवटा कशाचा असेल हो?" (ह.घ्या., म्हणजे हलके घ्या.)

ओहममीटर

@स्तरभंग, आणि जिऑलॉजीवाले रस्त्याच्या कडेला दिसलेल्या चार दगडांवरून पाचशे मीटर खालचा छेद रंगीत पेन्सिलीने काढतात. तुम्हीही ह.घ्या.

मेघना_नागपूर

कोयनाकाठ, सरकारी भूवैज्ञानिक म्हणून बरीच वर्षं नोकरी करते आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पुण्या-मुंबईकडच्या मुलांना वाटतं भूशास्त्र म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. साहजिक आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग दख्खनच्या लाव्हाने झाकलाय, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. तुमच्या टेकड्यांवर एक प्रवाह संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. पण एकदा विदर्भात ये. भंडारा-नागपूर पट्ट्यात सौसर गटाचे खडक आणि त्यातलं मँगनीज, वर्धा खोऱ्यात गोंडवानाचा कोळसा, गडचिरोलीत लोहखनिज. इथल्या मुलाला रूपांतरित (उष्णतेने-दाबाने बदललेला) खडक पुस्तकात शोधावा लागत नाही, कॉलेजच्या सहलीत बुटाला लागतो. तुम्हाला त्यासाठी प्रवास करावा लागेल. कॉलेजची राजस्थानची, कच्छची, बदामीची फील्ड ट्रिप असेल तर एकही चुकवू नकोस, पैशाची अडचण असेल तर विभागात जाऊन सांग. लाज वाटू देऊ नकोस, असे विद्यार्थी दर वर्षी असतात.

प्रत्यक्ष काम कसं असतं तेही ऐक. पावसाळा संपला की फील्ड सीझन. टोपोशीट, कंपास, हातोडा, हँडलेन्स, ॲसिडची बाटली, नमुन्याच्या पिशव्या. सकाळी निघायचं, नाल्यानाल्याने चालायचं, जिथे खडक उघडा आहे तिथे स्ट्राइक-डिप (थराची दिशा आणि कल) घ्यायचा, नोंद करायची, नमुना फोडायचा. संध्याकाळी कॅम्पवर येऊन नकाशावर शाई. उन्हाळ्यात ऑफिस, थिन सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायचे दगडाचे पातळ काप), रासायनिक तपासण्या, अहवाल. लोकांना फक्त पहिल्या भागाचे फोटो दिसतात. अर्धं आयुष्य अहवालाच्या तिसऱ्या मसुद्यात जातं.

या धाग्यावर मुलीही वाचत असतील म्हणून सांगते. "मुलींसाठी हे क्षेत्र नाही" हे मला प्रवेश घेतानाच ऐकवलं गेलं होतं. १९५२ च्या खाण कायद्यातल्या ४६ व्या कलमामुळे भूमिगत खाणीत बाईला कामाला घेता येत नव्हतं. २०१९ मध्ये ती अट सैल झाली आणि तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी दिवसाच्या वेळात खाली उतरायची परवानगी मिळाली. कायदा बदलला, कॅम्पवरचं स्वच्छतागृह मात्र अजून पुष्कळ ठिकाणी आपलं आपण बघायचं.

स्लीपरक्लास

नोकरीचं मी सांगतो, कारण सध्या माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

यूपीएससी दर वर्षी कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा घेते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जिऑलॉजिस्ट, जिओफिजिसिस्ट, केमिस्ट जातात आणि केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजीचे लोक जातात. पूर्व, मुख्य, मुलाखत. दुसरा रस्ता 'गेट' या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या परीक्षेचा. जिऑलॉजी आणि जिओफिजिक्स यांचा पेपर एकच, जीजी. पहिला भाग सगळ्यांना सारखा, दुसऱ्यात जिऑलॉजी की जिओफिजिक्स ते निवडायचं. तेल कंपन्यांची भरती पुष्कळदा गेटच्या गुणांवर होते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. जिओफिजिसिस्टच्या जागांना साधं एम.एस्सी. फिजिक्सही चालतं. म्हणजे भूभौतिकी घेतलीस की तुझी स्पर्धा देशभरातल्या फिजिक्सवाल्यांशी. जिऑलॉजीच्या जागा जास्त निघतात, पण अर्जांची रांगही तशीच. कुठलीच वाट मोकळी नाही. जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद आत्ताच वाचून ठेव, एम.एस्सी. झाल्यावर नको.

हिरवी_मिरची

@स्लीपरक्लास, मुलाने पाणी आणि भूकंप विचारलेत, तुम्ही डायरेक्ट यूपीएससीत नेऊन बसवलंत. मराठी माणूस!

बागायतदार

आमच्याकडे पाण्यासाठी पदवी लागत नाही. पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवतो, रानातून चालतो. जिथं नारळ उभा राहील तिथं खुंटी. माझ्या दोन्ही विहिरी अशाच दाखवलेल्या, उन्हाळ्यात पण आटत नाहीत. हसायचं त्यांनी हसावं.

तर्कटी

हसत नाही, विचारतो. गावातल्या ज्या विहिरी कोरड्या निघाल्या, त्या कोणी दाखवल्या होत्या? त्यांचे नारळ कोणी मोजले का?

ओहममीटर

हा माझा पोटापाण्याचा विषय, त्यामुळे थांबवत नाही. भूजलाचे सर्व्हे करतो, मुख्यतः नगर, बीड, सोलापूर बाजूला.

बागायतदार, तुमच्या विहिरींना पाणी आहे हे शंभर टक्के खरं. नारळाने दाखवलं हे मला पटत नाही. आपल्याकडे वरचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळलेला भाग थोडंफार पाणी धरतोच. ओढ्याच्या कडेला, सखल जागी विहीर घेतली तर ती लागायची शक्यता मुळातच चांगली असते. जुना पाणाड्या जमीन वाचतो. उंबर कुठे आहे, गवत कुठे उशिरापर्यंत हिरवं राहतं, उतार कुठे वळतो, हे त्याला पिढ्यानपिढ्या माहीत. नारळ हा त्याचा गणवेश म्हणा. फसतं ते दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरला. तिथे वरची खूण उपयोगाची नाही.

आता आमचं यंत्र काय करतं ते कोयनाकाठसाठी. चार सळ्या एका रेषेत जमिनीत ठोकतो. बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या सळ्या जसजशा लांब नेऊ तसतशी वीज खोलवरून फिरून येते. भिजलेला मुरूम वीज सहज जाऊ देतो, त्याचा रोध पंधरा-वीस-तीस ओहम-मीटरच्या घरात. घट्ट काळा पाषाण शेकड्यांत जातो. या दोघांच्या मध्ये कुठेतरी मांजऱ्या (बुडबुड्यांच्या भोकांचा पाषाण), भेगाळ पाषाण, दोन प्रवाहांमधला सांधा. आम्ही तोच शोधतो.

म्हणजे आम्हीही पाणी 'बघत' नाही. रोध मोजतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. जो सर्व्हेवाला "इथे एकशे ऐंशी फुटाला तीन इंच पाणी" असं छातीठोक सांगतो, त्याच्यापासून पळा. यंत्र असलं तरी तोही नारळवालाच.

बागायतदार

मग आमच्या थोरल्याचं बोअर मशीनवाल्यानं दाखवूनच कोरडं कसं गेलं? पैसे मात्र नारळाच्या पन्नासपट घेतले.

ओहममीटर

प्रश्न रास्त आहे. कोयनाकाठ, याचं उत्तर नीट वाच, तुझ्या मूळ प्रश्नाचा गाभा यात आहे.

जमिनीवर मोजलेल्या एकाच आलेखाला खालच्या अनेक रचना बसतात. पाच मीटर जाडीचा कमी रोधाचा थर आणि दहा मीटर जाडीचा त्याच्या दुप्पट रोधाचा थर, दोघांचे आलेख जवळपास सारखे येऊ शकतात. गुरुत्व मोजा, चुंबकत्व मोजा, रडगाणं तेच. गणित तुम्हाला शंभर उत्तरं देतं आणि सगळी बरोबर असतात. त्यातली नव्याण्णव काढून टाकायची तर शेजारच्या विहिरीत उतरून थर बघावे लागतात, डाईक (भेगेत थिजलेल्या शिलारसाची भिंत) कुठून गेलाय ते चालत जाऊन शोधावं लागतं. थोरल्यांच्या रानात तो माणूस विहिरीत उतरला होता का, ते विचारा. बहुतेक जण गाडीतून सळ्या काढतात, तासाभरात आलेख काढतात आणि पुढच्या गावाला जातात.

स्तरभंग

म्हणजे शेवटी आमच्याकडेच आलात. मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

औसेकर

मी इथे सहसा वाचतच असतो. किल्लारीचा विषय निघेल म्हणून थांबलो होतो, निघाला नाही, म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला थोडी कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. तीव्रता ६.२. सुमारे दहा हजार माणसं गेली. जगात याहून मोठे भूकंप दर वर्षी होतात आणि पुष्कळांत एवढी माणसं जात नाहीत. आमच्याकडे मारलं ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या धाब्याने.

मी तेव्हा शाळेत होतो. सगळ्यांचा एकच प्रश्न होता, इथे कसा काय? हा तर स्थिर प्रदेश. नंतर किल्लारीला भोक पाडून बघितलं तेव्हा सुमारे ३४० मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे आपण पायाखाली जे बघतो तो काळा दगड म्हणजे वरचं पांघरूण. भेगा त्याच्या खालच्या खडकात आहेत आणि त्या वरून दिसत नाहीत. हातोडा घेऊन कितीही फिरलात तरी दिसणार नाहीत. तिथे भूभौतिकीच लागते. स्तरभंग, राग नको.

स्तरभंग

राग कसला. याला उत्तर नाही.

भूकंपलेखी

औसेकरांच्या प्रतिसादाला जोडून, कारण कोयनेवर थोडंफार काम केलं आहे.

कोयनाकाठ, तुझ्या आजोबांनी अनुभवला तो भूकंप ६.३ च्या आसपासचा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा. सुमारे १८० माणसं गेली. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी भरायला लागलं साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणि लगेच बारीक धक्के सुरू झाले. तेव्हापासून आजवर पाचच्या वरचे वीसहून अधिक धक्के त्या भागात बसलेत, आणि हे सगळं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. पुढे वारणेचं धरण भरलं आणि हालचाल दक्षिणेकडेही पसरली. जलाशयामुळे चेतवले जाणारे भूकंप म्हटलं की जगभरच्या पाठ्यपुस्तकात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत येतं.

लोकांना वाटतं पाण्याच्या वजनाने जमीन दबते आणि फाटते. वजनाचा वाटा आहे, पण थोडा. खरी करामत दाबाची. पाणी भेगांतून खोलवर झिरपतं, तिथल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर आवळून धरणारं बळ तेवढं कमी होतं. भेग आधीच ताणाखाली असली तर सरकते. पाण्याने भूकंप 'केला' नाही, घटका अलीकडे आणली. पावसाळ्यानंतर धक्के वाढतात ते याच कारणाने, आणि वेळ लागतो तो पाणी झिरपायला लागतो तेवढा.

हे सिद्ध करायचं तर खाली जाऊन मोजायला हवं. म्हणून कराडला भूविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि पाटण तालुक्यातच गोठण्याला तीन किलोमीटर खोल चाचणी-भोक पाडलं, २०१७ मध्ये ते पुरं झालं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, मग थेट ग्रॅनाइट-नाइस (पट्टेदार ग्रॅनाइटी खडक). तुझ्या गावापासून एसटीच्या अंतरावर आहे हे. कॉलेजच्या पत्रावर भेट मागून बघ.

माझं मत स्पष्ट आहे. गणितात हात चालत असेल तर फिजिक्स मुख्य ठेव. फूरिए, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं पंचविशीनंतर स्वतःच्या बळावर शिकणारे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बघितले. दगड ओळखणं मात्र लोक तिशीतही शिकतात.

मेघना_नागपूर

@भूकंपलेखी, बाकी सगळं मान्य, शेवटच्या वाक्याला सक्त विरोध. तिशीत लोक दगडाचं नाव शिकतात. उतारावर उभं राहून खालची घडी डोळ्यापुढे येणं ही सवय विशी-बाविशीतच लागते, सोबत एखादा चांगला मास्तर चालत असेल तर. माझ्याकडे जिओफिजिक्सची हुशार मुलं येतात. सॉफ्टवेअरने मॉडेल सुंदर बसवतात, त्रुटी अर्धा टक्का. आणि त्या मॉडेलमध्ये ग्रॅनाइट बेसाल्टच्या अंगावर तरंगत असतो.

भूकंपलेखी

हे मात्र मी पण बघितलंय.

दुर्गवाट

अवांतर प्रश्न. गडांवर चढताना दोन काळ्या कड्यांच्या मध्ये लालभडक मातीसारखा पट्टा दिसतो, हातभर ते पुरुषभर जाडीचा. त्याला लागून कधीकधी पाण्याचं टाकं किंवा झरा असतो. ते काय?

स्तरभंग

त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. एक लाव्हा येऊन थंड झाला, पुढचा यायला बराच काळ गेला. तेवढ्यात पहिल्याचा माथा ऊन-पावसाने कुजला, लोह गंजलं, लाल झालं. मग दुसरा प्रवाह वरून आला आणि त्याने ते भाजून झाकून टाकलं. तो थर चिकणमातीचा असल्याने वरच्या कड्यातल्या भेगांतून उतरलेलं पाणी पुष्कळदा त्याच्यावर अडतं आणि कडेने बाहेर पडतं. मंदेली-शिलाहारांपासून शिवकाळापर्यंत टाकी खोदणाऱ्यांना हे कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

हिरवी_मिरची

'मंदेली' हा मासा आहे हो. राजघराणं नव्हे.

स्तरभंग

मोबाईलचा कीबोर्ड! सातवाहन लिहायचं होतं, देवाशप्पथ. असो, मासाही चविष्ट.

अलिबागचा_पांढरा_कांदा

मी या क्षेत्रातला नाही, पण आमच्या गावाचा अभिमान मिरवायची संधी सोडणार नाही.

मुंबईत कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती, १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून प्रचंड वादळ आलं तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दिसली, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही ती नोंद उघडून बघतात. पुढे मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं. तारांतून वीज वाहणार म्हणजे चुंबकसूची बिथरणार. तेव्हा तिथले संचालक डॉ. नानाभाई मूस. त्यांनी शोधाशोध करून अलिबाग निवडलं. १९०४ मध्ये वेधशाळा सुरू झाली, बांधकामात लोखंड टाळलेलं. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून. ती मालिका आजतागायत चालू आहे. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असते, संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला.

आम्ही लहानपणी त्या कुंपणाजवळून सायकलने जायचो. मोठी माणसं दरडावायची, सायकल लांबून न्या, आतलं यंत्र हलतं.

कोयनाकाठ

हे माहीतच नव्हतं! पनवेल तर वाटेवर आहे. तिथे विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात प्रकल्प मिळतात का?

भूकंपलेखी

अशा संस्थांत मिळतात. हैदराबादच्या एनजीआरआयमध्येही (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था). सरांचं पत्र, गुणपत्रिका, आणि "मला अमुक गोष्ट करून बघायची आहे" असा एक परिच्छेद. "आपल्या नामांकित संस्थेत" ने सुरू होणारी विनंती कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

पर्थकर

ऑस्ट्रेलियातून लिहितो. नागपूरकडचं एम.एस्सी. जिऑलॉजी, मग काही वर्षं भारतात ड्रिलिंग कॅम्पवर कोअर लॉगिंग, आता पिलबारात लोहखनिज.

कोअर लॉगिंग हा शब्द कॉलेजात एका ओळीत संपतो, नोकरीत तीच नोकरी असते. ड्रिलमधून निघालेले दगडाचे दांडके पेटीत मांडलेले. मीटरमागून मीटर बघायचे, खडक कोणता, भेगा किती, दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे किती टक्के, कुठून नमुना कापायचा. मेट्रोच्या बोगद्याला हेच, धरणाला हेच, खाणीला हेच. कंटाळवाणं वाटतं? मलाही वाटायचं. पण आज ज्याला चांगलं लॉगिंग येतं त्याला कुठल्याही देशात काम आहे.

इथे दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. पैसा चांगला. बायको म्हणते, मुलांना मी व्हिडिओवरचा बाबा वाटतो. आणि खनिजाच्या साठ्याचा अहवाल सहीनिशी द्यायचा तर त्या प्रकारच्या साठ्यावर किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवी कुठलीही असो.

जिओफिजिक्सचे माझे मित्र तेलात गेले. मजा होती त्यांची. २०१४ च्या मध्यापर्यंत तेल शंभर डॉलरच्या वर, २०१६ च्या जानेवारीत तिशीच्या खाली. त्या दीड वर्षात निम्मा ग्रुप घरी बसला. त्यातले काही आता डेटा सायन्समध्ये आहेत, कारण सेस्मिकच्या, म्हणजे जमिनीतल्या कंपनांच्या, सिग्नलवर काम केलेल्याला कुठलाही सिग्नल हाताळता येतो. जिऑलॉजीवाल्याला हा दुसरा दरवाजा तेवढा सहज उघडत नाही. हे लक्षात घेण्यासारखं आहे.

खडीसाखर

म्हणजे घोटाळा झालाच तर शेवटी सगळे आयटीतच. वर्तुळ पूर्ण.

गोवेकर_दर्या

तेल-खाणीपलीकडेही बघा. आमच्या दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र. समुद्रतळाचे सर्व्हे करणाऱ्या बोटींवर भूभौतिकीची माणसं लागतात. फक्त बोट लागते का ते आधी तपासा. पहिल्या दिवशी बादली धरून बसलेले सुवर्णपदकवाले पाहिलेत.

मेघना_नागपूर

आणि दरडी! ३० जुलै २०१४ ला माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. घाटाखालच्या प्रत्येक वाडीचा उतार कोणीतरी चालून बघायला हवा. हे काम खूप आहे, माणसं कमी आहेत, आणि ते भूशास्त्रात मोडतं.

ओहममीटर

अर्धं. उतारावरचा मातीचा थर किती जाड आणि किती भिजलेला, हे सळ्या ठोकूनच कळतं.

हिरवी_मिरची

तुम्ही दोघं एकत्र संस्था काढा बघू.

कोयनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काल विभागप्रमुखांशी बोललो. फिजिक्स मुख्य ठेवून जिऑलॉजी दुय्यम विषय म्हणून चालू ठेवता येतं, फील्ड ट्रिपला जागा उरली तर नेतील म्हणाले. सध्या मन तिकडे झुकतंय. मेघनाताई, तुम्ही रागावणार हे माहीत आहे. आता प्रश्न एम.एस्सी.चा. मुंबई आयआयटी, खरगपूर, धनबाद, हैदराबादचं उस्मानिया, एवढी नावं लिहून काढलीत. जॅमला (एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा) जिऑलॉजीचा पेपर द्यावा की फिजिक्सचा?

मेघना_नागपूर

रागावले नाही. पण "जागा उरली तर" वर थांबू नकोस. स्वतःच्या खर्चाने ये, विदर्भातली एक आठवड्याची वाट मी आखून देते. रामटेक-मनसरपासून सुरू कर, उन्हाळ्यात नको.

स्लीपरक्लास

कुठल्या अभ्यासक्रमाला कुठला पेपर चालतो ते प्रत्येक आयआयटीचं वेगळं असतं आणि बदलतं, त्या वर्षीचं माहितीपत्रक बघ. झेपत असेल तर दोन्ही दे, जॅममध्ये दोन पेपर देता येतात, फक्त ते एकाच सत्रात येत नाहीत ना ते बघ. बी.एस्सी.ला गणित किती वर्षं हवं ही अटही तपास. पुष्कळ जण तिथेच गळतात.

भूकंपलेखी

आणि पायथन. आजच सुरू कर. भूकंपांच्या नोंदी जगभरातून फुकट उतरवून घेता येतात. पहिला उद्योग म्हणून कुठल्याही एका भूकंपाचे पी (आधी पोचणारे) आणि एस (मागून येणारे) तरंग किती अंतराने आले ते मोज आणि त्यावरून केंद्र किती लांब ते काढ. तीन स्टेशनांवरून केलंस तर नकाशावर जागाच मिळते.

बागायतदार

पोरा, शिकून आलास की आधी आमच्या थोरल्याच्या रानात ये. विहिरीत उतरायला दोर मी देतो.

नवखी_सदस्य

छान चर्चा. माझ्या भाचीला अकरावीला भूशास्त्र विषय घ्यायचा आहे, आम्ही साताऱ्याला असतो. कुठल्या कॉलेजात मिळेल?

स्तरभंग

विषय बोर्डाच्या यादीत आहे, शिकवणारी कॉलेजं मात्र मोजकीच. इथे प्रश्न हरवेल, वेगळा धागा काढा. साताऱ्याचं नाव शीर्षकात घाला म्हणजे तिकडचे लोक येतील.